भर मे महिन्यात केळीचं मूस: टीव्ही स्पर्धेतल्या एका जोडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी जळगावात बेकिंगचे वर्ग घेते. एका मराठी वाहिनीच्या पेस्ट्री स्पर्धेत खान्देशातून निवडल्या गेलेल्या दोघींचं हे प्रकरण आहे. एक माझ्याकडे शिकलेली, दुसरी ओळखीतली. प्रादेशिक फेरीचं शूटिंग जळगावातच, हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात झालं. स्पर्धकांसोबतच्या माणसांसाठी मागे खुर्च्या मांडल्या होत्या, मी तिथे बसले होते. ओट्यावर जे बोलणं झालं ते पुढे दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि ते लिहायला दोघींची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना भुसावळची आणि पारोळ्याची एवढंच म्हणू.

भुसावळची सत्तावीस वर्षांची. हॉटेल मॅनेजमेंट करून पुण्यात मोठ्या हॉटेलच्या बेकरीत काम केलेली, आणि आता घरी परतून स्वतःचं छोटं पेस्ट्री दुकान टाकण्याच्या तयारीत असलेली. हात अतिशय स्वच्छ. तिच्या ओट्यावर थर्मामीटर, वजनकाटा आणि ओला फडका ठरलेल्या जागीच असायचा. बोलणं मोजकं, आणि काम चालू असताना तर त्याहून कमी.

पारोळ्याची पन्नाशीला टेकलेली. वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घेते, सगळं अंड्याविना, कारण गिऱ्हाईकच तसं. पालथ्या मातीच्या खापरावर भाजायचे मांडे करण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नसेल. मांड्याची कणीक दोन्ही हातांच्या मनगटांवर झेलत ती इतकी पातळ करते की पलीकडचा माणूस दिसावा. युरोपातले पेस्ट्री करणारे स्ट्रूडलसाठी कणीक ताणतात तेच हे कौशल्य. ती स्वतः मात्र त्याला कौशल्य मानत नव्हती. बोलायला मोकळी, सगळ्यांना सांभाळून घेणारी, अहिराणीतून सहज हसवणारी.

पहिल्या प्रोमोपासून वाहिनीने दोघींना एकेक साचा ठरवून दिला. भुसावळची ‘कडक’ आणि पारोळ्याची सगळ्यांची ‘माय’. यात वाहिनीचा दुष्टपणा नव्हता. तासाभराच्या भागात आठ माणसं लक्षात ठेवायची तर प्रेक्षकाला काहीतरी खूण लागते. पण मला पुढे जे दिसलं ते असं, की दोघी हळूहळू त्या खुणेप्रमाणेच वागू लागल्या. या प्रकरणातले बिघडलेले निर्णय मला तिथूनच आलेले दिसतात. येत नव्हतं म्हणून काहीच बिघडलं नाही.

अडचण

चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या आणि या दोघी एकत्र आल्या. वेळ साडेतीन तास. विषय जळगावची केळी, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंडं नाही, जिलेटीन (जेलीसारखं धरवणारा प्राणिज पदार्थ) नाही. सहा एकसारख्या प्लेटा, आणि प्रत्येक प्लेटवर उभी राहणारी, खाता येईल अशी एक सजावट.

लिऑनमध्ये १९८९ पासून पेस्ट्रीचा जो जागतिक करंडक होतो, तिथे तिघांचा संघ असतो. साखर कोण बघणार, चॉकलेट कोण आणि बर्फ-आइस्क्रीम कोण, हे आधीच ठरलेलं असतं आणि तो संघ एकत्र सराव करून आलेला असतो. इथे ओळखही नीट नसलेल्या दोन माणसांना घड्याळ लावून उभं केलं होतं.

वर मे महिना. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या घरात, आत पस्तीस-छत्तीस. हॉल थंड करायला मोठे डक्ट कूलर. खान्देशात लग्नाच्या हॉलना हेच परवडतं आणि माणसांना ते पुरतंही, पण पेस्ट्रीला कूलर ही दुधारी गोष्ट आहे. तो हवा थंड करतो ती पाणी मिसळून. लोणी आणि क्रीमला त्याने दिलासा मिळतो, तर साखरेच्या कामाचा त्याने घात होतो, कारण साखर हवेतला ओलावा ओढून घेते. त्यात आवाज नीट यावा म्हणून शूटिंगवाले कूलर मधेच बंद करायला लावत होते. म्हणजे हॉलची हवा कधी गरम-कोरडी, कधी जरा गार पण दमट, आणि केव्हा काय होईल हे स्पर्धकांच्या हातात नाही.

कोणते पर्याय होते

पहिली दहा मिनिटं आराखड्यासाठी होती. भुसावळचीने तो भराभर लिहून काढला. कॉफीचा बिनअंड्याचा स्पंज, त्यावर केळीचं मूस (फेटलेल्या क्रीमने हलका केलेला मऊ गोड पदार्थ), आत कॅरॅमल, वरून ओतायचं चकचकीत ग्लेझ, आणि सजावटीला साखरेचा जाळीदार पिंजरा. चॉकलेटची सजावट तिने लगेच बाद केली आणि ते अगदी बरोबर होतं. टेम्पर केलेलं, म्हणजे चमक आणि कडकपणा यावा म्हणून ठराविक तापमानांतून नेलेलं, डार्क चॉकलेट ३१-३२ अंशांवर हाताळायचं असतं आणि चौतिसाच्या आसपास त्यातलं कोको बटर वितळतं. त्या हॉलमध्ये पाकीट उघडल्यावरच ते मऊ पडलं असतं.

मूस कशावर उभं करायचं, इथे तीन रस्ते होते. दुधाचं क्रीम, म्हणजे पस्तीस टक्के स्निग्धांशाचं. त्याची चव उत्तम, पण ते फेटायचं तर बर्फावर आणि फेटल्यावर जपायचं. दुसरं, घरगुती केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचं व्हिप क्रीम. ते उन्हात टिकतं, पण जिभेवर मेणचट लागतं आणि परीक्षकांना ते लगेच कळतं. तिसरा रस्ता पारोळ्याचीने सुचवला, चक्का. घट्ट बांधलेल्या दह्याचा चक्का पस्तीस अंशांतही आपला आकार सोडत नाही, आणि पिकलेल्या केळ्याच्या गोडाला त्याचा आंबटपणा छान तोलतो. सजावटीसाठीही तिने एक सांगितलं, मांड्याचा पापुद्रा करून कडक वाळवूया.

दोन्ही सूचना तिने एकेकदाच केल्या, पातेलं पुसता पुसता. भुसावळचीने मान वर न करता “बघू” म्हटलं. पारोळ्याची म्हणाली, “तू म्हनशी तसं.” चर्चा तिथेच संपली.

माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे, आणि प्रसारित भागात तो नाहीच. दोघींपैकी कुणीही चुकीचं बोललं नव्हतं. दुधाच्या क्रीमचा आराखडा पुण्याच्या वातानुकूलित बेकरीत शंभर टक्के जमला असता. चक्का त्या हॉलसाठी योग्य होता. पण तो का योग्य, हे सांगायला जी दोन वाक्यं लागतात ती पारोळ्याचीने उच्चारली नाहीत, कारण समोरची ‘शिकलेली’. आणि भुसावळचीने कारण विचारलं नाही, कारण सगळी जबाबदारी आपली असं तिने धरून ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र पारोळ्याचीने न बोलता केली. तिने मूठभर कणीक आणि रवा चाळून, तेल-मीठ घालून मळली आणि ओल्या फडक्याखाली बाजूला ठेवून दिली.

काय काय घडलं

स्पंज आणि कॅरॅमल व्यवस्थित झालं. पहिला धक्का बसला मुसात.

जिलेटीन नाही म्हणून अगर-अगर, समुद्री शेवाळापासून मिळणारं. त्याचा स्वभाव जिलेटीनपेक्षा फार वेगळा आहे. ते विरघळायला चांगली उकळी लागते, आणि पस्तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान ते धरतं. म्हणजे त्या हॉलच्या तापमानालाच. एकदा धरलं की पुन्हा पातळ व्हायला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास न्यावं लागतं. केळ्याचा गर काळा पडू नये म्हणून लिंबू पिळून फ्रिजमध्ये ठेवला होता, तो थंडगार बाहेर आला. भुसावळचीने दुधात उकळलेलं अगर त्यात ओतलं आणि ओतता ओतताच त्याच्या बारीक कण्या झाल्या. ती हॉटेलात जिलेटीनवर काम केलेली. जिलेटीनला थंड गर थोडाफार चालून जातो, अगरला नाही.

पारोळ्याचीने ते पाहिलं. ती अगरवरच काम करते, तिला कारण ठाऊक होतं. तिने विचारलं, “काय व्हयनं व बेटा?” तेव्हा भुसावळचीच्या तोंडून जे निघालं ते नंतर सगळ्या खान्देशाने ऐकलं: “ताई, तुम्ही फक्त वाट्या धुवा, हे माझ्यावर सोडा.” त्यापुढचं वाक्य होतं, “बर्फाची वाटी आधी द्या, क्रीम बसतंय.” ते भागात आलं नाही. तिला खरोखरच धुतलेली वाटी हवी होती. पण सूर तुटक होता, हेही खरं. तो मी मागच्या खुर्चीवरून ऐकला.

पारोळ्याची गप्प बसली आणि वाट्या धुतल्या. गर पुन्हा गरम करून अगर विरघळवणं तेव्हा शक्य होतं, दहा मिनिटांचं काम. त्याऐवजी भुसावळचीने ब्लेंडर फिरवून कण्या मोडल्या. कण्या बारीक झाल्या पण गेल्या नाहीत, आणि मोडलेलं अगर पुन्हा नीट धरत नाही. मूस सैल राहिलं. ते साच्यांत भरून फ्रीझरमध्ये गेलं. फ्रीझर चार जोड्यांत एकच होता आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी तो उघडत होतं.

मग साखर. पाक कॅरॅमलच्या रंगापर्यंत आणून तेल लावलेल्या डावावर भुसावळचीने ओढलेली जाळी मी आजवर पाहिलेल्या सगळ्यात सुबक जाळ्यांपैकी होती. तार कुठे जाड नाही, कुठे तुटलेली नाही. नेमका तेव्हाच कूलर पुन्हा सुरू झाला. पंधरा मिनिटांत जाळी बोटाला चिकटू लागली आणि अर्ध्या तासात खाली बसली. सहाच्या सहा.

याच सुमारास पारोळ्याचीला ‘बाइट’ द्यायला बाजूला नेलं होतं, कारण कॅमेऱ्यासमोर ती खुलते. ती परत आली तेव्हा घड्याळात चाळीस मिनिटं उरली होती, मूस साच्यातून काढताना कडा ढासळत होत्या आणि भुसावळची हातात ग्लेझचं भांडं घेऊन उभी होती.

दुसरा निर्णय इथे झाला. ग्लेझ साधारण ३२ ते ३५ अंशांवर ओततात आणि ते दगडासारख्या गोठलेल्या मुसावरच बसतं. अर्धवट गोठलेल्यावर ओतलं की मूस घेऊनच खाली येतं. हे भुसावळचीला पुस्तकासकट पाठ. तरी ती ओतायला निघाली होती. मी तिला नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, “कडक म्हणून नाव झालं होतं ना मॅडम, मग अर्धवट काहीतरी कसं ठेवू असं झालं.” तेव्हा पारोळ्याचीने पहिल्यांदा आवाज चढवला: “नको! थांब!” आणि फडक्याखालची कणीक काढून दाखवली.

पुढची पस्तीस मिनिटं दोघींनी एखाद्या जुन्या जोडीसारखं काम केलं. खापर नव्हतं, लोखंडी कढई गॅसवर पालथी घातली. पारोळ्याचीने मनगटांवर पापुद्रा फिरवून कढईवर टाकला, भाजून उचलला, भुसावळचीने त्याला तूप आणि पिठीसाखर लावून लाटण्यावर वाकवलं आणि ओव्हनमध्ये मोजून दोन-दोन मिनिटं कडक केलं. ओव्हनची कोरडी उष्णता लागेल हे तिचं डोकं. ढासळलेलं मूस तिने साच्याचा हट्ट सोडून खोलगट वाट्यांत घेतलं, खाली स्पंजचे तुकडे, मधे कॅरॅमल. वर मांड्याचा उभा पापुद्रा. वेळ संपली तेव्हा सहाही प्लेटा मांडलेल्या होत्या.

यामागे सरावातली एक गोष्ट होती. ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या ब्रिटिश टीव्ही स्पर्धेच्या २०१४ च्या पर्वात एका स्पर्धकाचं आइस्क्रीम वितळलं, त्याने संतापून अख्खा बेक्ड अलास्का (आत आइस्क्रीम असलेला केक) कचऱ्यात टाकला आणि परीक्षकांसमोर कचऱ्याचा डबाच नेऊन ठेवला. तो बाहेर पडला. आइस्क्रीम दुसऱ्या स्पर्धकाने फ्रीझरबाहेर काढलं होतं, तरीही, कारण चाखायला काही उरलंच नव्हतं. हा प्रसंग दोघींनाही मी सांगितलेला होता, आणि काहीतरी खाण्याजोगं समोर ठेवायचंच, हे दोघींनी पाळलं.

निकाल

परीक्षकांनी पापुद्र्याला त्या दिवसातलं सर्वोत्तम टेक्श्चर म्हटलं. केळीची चव आवडली. मूस कणीदार, मांडणी आराखड्याशी न जुळणारी. चार जोड्यांत शेवटचा क्रमांक, आणि नियमाप्रमाणे दोघींपैकी एक घरी जाणार.

मग तो प्रश्न आला: चूक कुणाची? भुसावळची म्हणाली, “आराखडा माझा होता. मूस माझ्या हातून बिघडलं.” पारोळ्याची म्हणाली, “आम्ही दोघींनी मिळून केलं.” दोन्ही उत्तरं मनापासूनची होती. परीक्षकांच्या कामाची मात्र पहिल्याच उत्तरातून सोय झाली. भुसावळची बाहेर पडली. पारोळ्याचीच्या उत्तराने भुसावळचीला मदत झाली नाही, कारण त्यात माहिती काहीच नव्हती. ग्लेझ थांबवण्याचा निर्णय, ओव्हनची युक्ती, वाट्यांची मांडणी, यातलं कुणाचं काय, हे कुणीच सांगितलं नाही.

भाग प्रसारित झाल्यावर ‘वाट्या धुवा’ची चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरली. वयाने मोठ्या बाईशी अशी बोलते म्हणून भुसावळचीच्या घरी नातेवाइकांचे फोन आले आणि दुकानासाठी तोंडी ठरलेल्या काही ऑर्डरी गेल्या. तिच्यापुढे तेव्हा तीन रस्ते होते: खुलासा करणारा व्हिडिओ टाकणं, वाहिनीकडे तक्रार करणं, किंवा गप्प बसणं. तक्रारीत दम नव्हता, कारण चित्रीकरण हवं तसं संपादित करण्याची संमती तिने करारात सही करून दिली होती. खुलाशात पारोळ्याचीचं नाव ओढावं लागलं असतं. शेवटी तिने चौथाच रस्ता काढला. अगरच्या कण्या का होतात आणि त्या कशा सोडवायच्या, हे स्वतःची चूक पुन्हा करून दाखवत तिने रेकॉर्ड केलं, स्पर्धेबद्दल एक अक्षर न बोलता. फार लोकांनी पाहिलं असं नाही, पण केक करणाऱ्या बायकांनी पाहिलं, आणि तिला गिऱ्हाईक त्यांच्यातूनच मिळणार होतं.

पारोळ्याची मुंबईच्या फेरीत गेली. तिथे क्रोसाँ होते, म्हणजे लोण्याच्या घड्या घालून केलेले पापुद्र्यांचे पाव. पारोळ्यात उन्हाळ्यात लोण्याच्या घड्या घालायचं कुणाच्या मनातही येत नाही, तिने ते कधी केलंच नव्हतं. आदल्या रात्री तिने फोन केला तो भुसावळचीलाच. लोणी आणि कणीक सारख्याच घट्टपणाची हवी, दोन घड्यांच्या मधे फ्रिजमध्ये विश्रांती हवी, लोणी तुटताना दिसलं तर लाटणं थांबवायचं, हे सगळं भुसावळचीने तासभर समजावलं. पारोळ्याची त्या फेरीत बाहेर पडली, पण तिचे क्रोसाँ फुलले होते.

वेगळं काय करता आलं असतं

तांत्रिक बाजू सरळ आहे. अगर वापरायचं असेल तर केळ्याचा गर आधी साठेक अंशांपर्यंत गरम हवा. उकळलेलं अगर त्यात मिसळायचं, मिश्रण पंचेचाळिसाच्या खाली जायच्या आत थोडं क्रीम घालून ढवळून घ्यायचं आणि मग उरलेलं हलक्या हाताने. चक्का घेतला तर तो खोलीच्या तापमानाला आणलेला हवा, नाहीतर तिथेही कण्याच. साखरेऐवजी आयसोमाल्ट (ओलावा कमी ओढणारा साखरेचा पर्याय) ओढलं असतं तर जाळी दमट हवेत बरीच जास्त टिकली असती. आणि सराव दुपारी दोन वाजता, कूलर आलटून पालटून चालू-बंद करत व्हायला हवा. भुसावळचीचा सगळा सराव रात्री झाला होता, स्वयंपाकघर गार झाल्यावर.

माणसांची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. स्पर्धेत जाणाऱ्या मुलींना लोक सांगतात, “स्वभाव बदल, जरा गोड बोल” किंवा “जरा आवाज वाढव.” या सल्ल्याचा मला राग येतो. साडेतीन तासांत कुणाचा स्वभाव बदलत नाही आणि बदलायची गरजही नाही. पहिल्या दहा मिनिटांत दोघींनी एक ठराव केला असता तरी पुरलं असतं: कुणीही “थांब” म्हटलं की दुसरीने हात थांबवायचे आणि कारण ऐकायचं, एका वाक्यात. कमी बोलणारीला यात कमीच बोलावं लागतं. आणि सांभाळून घेणारीला भांडावं लागत नाही. ग्लेझच्या वेळी नेमकं हेच घडलं, फक्त ते अगरच्या वेळी घडायला हवं होतं.

परीक्षकांच्या प्रश्नाचीही तयारी करता येते. “चूक कुणाची” या प्रश्नाला नाव किंवा “आम्ही दोघी” एवढंच उत्तर देणं बंधनकारक नाही. “मूस माझ्या हातून बिघडलं, गर थंड होता. ग्लेझ ताईंनी थांबवलं. पापुद्रा त्यांचा, तो कडक करायची युक्ती माझी.” तीन वाक्यांत सगळा हिशोब समोर आला असता आणि परीक्षकांना निवड करायला खरी माहिती मिळाली असती. निकाल कदाचित तोच लागला असता.

करार सही करण्याआधी घरातल्या कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत वाचावा. संपादनाचं कलम बदलून मिळत नाही, पण ते आहे हे माहीत असलं की माणूस माईक लावलेला असताना वाक्य पूर्ण करून बोलतो.

आता माझ्या वर्गात नव्या तुकडीला मी अनोळखी दोघींच्या जोड्या पाडून, एका आराखड्यावर, दुपारच्या उन्हात एक पदार्थ करायला लावते. पदार्थ झाल्यावर प्रत्येकीने दुसरीच्या हातून काय चांगलं झालं आणि कुठे “थांब” म्हणायचं राहून गेलं, हे सांगायचं असतं. पारोळ्याची अधूनमधून येऊन मांड्याची कणीक शिकवते. भुसावळचीने तिचं दुकान सुरू केलं, आणि चक्क्यावरचं केळीचं मूस तिथे उन्हाळाभर विकलं जातं.